नऊ वॅट

पंखा लावायचा नाही, तंबाखू उडते.
हा आमच्या घरचा पहिला नियम.
विडी घरकुलात मे महिन्यात भिंतीसुद्धा
दुपारचं उसनं रात्री फेडतात,
आणि आईच्या डोक्यावर बरोबर हातभरावर
साठाचा बल्ब.
मांडीवर सूप, पानं, कात्री, लाल दोरा.
नाकाच्या शेंड्यावरचा घाम पानावर पडला
की ती विडी सकाळी छाटात जायची.

आयटीआयला कोनापुरे सर म्हणाले,
ह्याला दिवा कशाला म्हणता?
ही शेगडी. जाता जाता उजेड देते.
रुपयातले पाच पैसे उजेडाचे,
बाकी सगळे सोलापूर तापवायला.
वर्ग हसला.
मला माझा अंगठा आठवला,
लहानपणी बल्ब पुसताना भाजलेला,
डाग अजून आहे.

बाबांना पटवणं जड गेलं.
चाळीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस.
"तार लाल होत नाही, मग पेटतं काय?"
काहीच पेटत नाही, मी म्हणाले.
तांदळाच्या कणीएवढा खडा असतो,
दोन थर अंगाला अंग लावून.
एका थरात इलेक्ट्रॉन जास्तीचे,
दुसऱ्यात नुसत्या रिकाम्या जागा,
ताण्यातलं टोक तुटून फणीत फट राहते तशा.
"बरं."
वीज मागून रेटते. इलेक्ट्रॉन शिवेवर येतो,
त्या जागेत पडतो,
आणि पडताना जवळचं ओझं टाकून देतो.
टाकलं ते उजेड.
बाबा बोटांनी हवेत गाठ मारत राहिले.
मग म्हणाले,
"सांधलं की उजेड पडतो म्हण.
एवढी टोकं सांधली मी,
एकदा तरी दिसायला हवा होता."

तो उजेड मुळात निळा.
वर पिवळ्या भुकटीचा लेप,
त्यातून बाहेर येतो तो पांढरा होऊन.
हे मी सांगितलंच नाही,
कारण आईची तक्रार आधी आली.
मी आणलेला पहिला बल्ब पांढराफटक होता,
सगळ्यात स्वस्त.
"पान आजारी दिसतंय ह्याच्यात."
कच्चं कुठलं, करपलेलं कुठलं, कळेना.
दोन दिवसांनी पाहिलं तर
जुना साठाचा परत चढवलेला.
आणि खरं होतं तिचं.
मग चाटी गल्लीत खोकी उलटीपालटी करून वाचली,
पिवळसर झाकेचा, रंग खरे दाखवणारा आणला,
वीस रुपये जास्त देऊन.
आईने एक पान वर धरलं, उलटं केलं,
"वेलुगु," एवढंच म्हणाली
आणि कात्री चालू.

रोज सहा तास धरले तर
साठाचा महिन्याला अकरा युनिट खायचा,
हा नऊचा दीडच्या थोडा वर.
मी वहीत लिहून दाखवलं.
तिला युनिट कळत नाही,
तिने रुपये विचारले आणि विड्यांत मोजले.
"तीनशे," म्हणाली.
"एक सकाळ झाली की गं."
त्या सकाळी काय करायचं
हे अजून ठरलेलं नाही.

आता ओळीतले लोक बंद पडलेले बल्ब आणून देतात.
नरसूबाईचा, गेंट्यालांच्या सुनेचा,
पिठाच्या गिरणीतला.
वरची टोपी काढली की आत गोल पाटावर
नऊ पिवळे दाणे, एकाच धाग्यात ओवलेले.
एकावर काळा ठिपका.
एक गेला की आठ धडधाकट असून अंधारात.
कधी दाणे शाबूत असतात,
मागचं सर्किटच उष्णतेनं मेलेलं असतं.
म्हणून सांगते, बंद डब्यात कोंबू नका त्याला,
हा तापत नाही असं नाही,
कमी तापतो, मानेपाशी तापतो,
त्यालाही वारा लागतो.

ठिपका शोधायचं काम बाबांचं.
मला भिंग लागतं. ते चष्मा कपाळावर सारतात,
बोट फिरवतात,
हजारांतलं तुटलं टोक शोधणारं बोट,
"हा बघ."
एक टोक गेलं की अख्खा माग थांबायचा,
त्यांना काय नवीन.

मी डाग लावते. जोडून पाहते.
आठ दाणे लागतात, पहिल्यापेक्षा जरा मंद,
बाबांच्या हनुवटीवर खालून उजेड येतो.
ते डोळे मिटून घेतात थोडा वेळ.
मग हात पुढे करतात,
"दुसरा दे."