नऊ टन हिरवं

सावद्याच्या वखारीबाहेर रात्री दीड वाजता
मुराद तडवीनं ताडपत्रीची दोरी ओढली,
दात लावून गाठ मारली, म्हणाला,
"बाई, बसा. केबिन पुसलीय."
मागे नऊ टन हिरवं, घडांखाली पाल्याच्या गाद्या.
चिकानं काळे पडलेले हमालांचे सदरे
बल्बच्या उजेडातून एकेक करत निघून गेले.

एकतीस वर्षं मी सातवीला भूगोल शिकवला.
डोळे मिटून फळ्यावर राज्य काढायचे:
डावीकडे निळ्या खडूची रेघ,
तिच्याशेजारी तपकिरी केसाळ अळी, तो सह्याद्री.
वर आडवा सातपुडा, तो खिडकीतूनच दिसायचा,
म्हणून त्याच्यावर खडू कमी खर्च व्हायचा.
समुद्र मी पाहिला नव्हता. कुणी विचारलं नाही.
याच मुरादला नकाशात दहापैकी दोन दिले होते.
त्यानं तापी पूर्वेला वाहवली होती.

भुसावळचा पूल. पाणी दिसलं नाही,
खालून नुसता गारवा आला.
तापी चालली होती गुजरातच्या समुद्राला.
आपली नदी आपल्या किनाऱ्याला जात नाही
हे मी दरवर्षी परीक्षेत घालायचे,
एका वाक्यात उत्तर लिहा.
आम्ही डिझेल जाळत दक्षिणेला वळलो.

जळगाव झोपेत. पाचोऱ्याला चहा, जास्त गोड.
चाळीसगावच्या पुढे उजाडता उजाडता
बांधांवर पऱ्हाट्यांचे ढीग,
आणि एकदम समोर भिंत उभी.
"कन्नडचा घाट," मुराद म्हणाला. "दुसरा गिअर."
त्याचा नकाशा असाच होता.
नगर म्हणजे टायरवाला शफीभाई.
पुणं रात्री दहानंतर, नाहीतर हवालदार.
साताऱ्याला उतार आहे, पण भरवसा नाही.
कुंभार्ली: पहिला गिअर आणि आईचं नाव.
मी त्याला उंची मीटरमध्ये सांगितली.
त्यानं मान हलवली, सातवीत हलवायचा तशीच.

पुण्याच्या आम्ही कडेकडेनं गेलो.
खिडक्याच खिडक्या, एकीवर एक.
एका गॅलरीत कुणी बाई मध्यरात्री
परकर वाळत घालत होती, चिमटे तोंडात धरून.
फळ्यावर मी तिथं फक्त टिंब द्यायचे.

कुंभार्ली उतरताना हवा जड झाली.
दमट: हा शब्द मी हजारदा लिहून दिला होता,
तो येऊन मानेवर बसला.

चिपळूणला माल उतरला.
व्यापाऱ्यानं एक केळं दाबून पाहिलं,
तोंड वाकडं केलं, आणि सगळं घेतलं.
"आता परत," मुराद म्हणाला.
मी म्हटलं, "गुहागर. डिझेल माझं."

निळा नव्हता.
चुलीतल्या ओल्या राखेचा रंग, कडेला साबणासारखा फेस.
मी चपला हातात घेऊन उभी राहिले.
मुरादनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
"बाई, तुमची रेघ तं सरळ व्हती,
हे तं हालतंय."
मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.
मग तो उत्तरेकडे बोट करून म्हणाला,
"तापीचं पानी तिकडून येत आसंल."
मी हो म्हटलं. खात्री नव्हती.

तिसऱ्या दिवशी सावदा.
रिकाम्या गाडीला माशांचा वास, तो हौद्यात कसा शिरला
ते त्यालाही सांगता आलं नाही.
टायरच्या खाचांत लाल माती घट्ट बसलेली.
मुरादनं पाण्याचा पाइप लावला.
आमच्या काळ्या मातीवरून एक लाल ओघळ निघाला,
पाल्याच्या कचऱ्याला वळसा घालून,
झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीजवळून.
मी पिशवी खाली ठेवली आणि बघत राहिले.

वखारीच्या दारात उतार पूर्वेला आहे.