मान खाली

रिंकवर मशीन चालवतो मी, हा अडतिसावा हिवाळा.
खेळ थांबला की गरम पाणी सोडत गोल गोल फिरायचं,
स्केटच्या पात्यांचे ओरखडे भरायचे,
बर्फ पुन्हा कोरा करायचा.
गावातला सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवणारा माणूस
तो मीच.

रक्तावर मात्र पाणी चालत नाही.
पसरतं, गुलाबी होतं, आणि आत गोठून राहतं
आठवडाभर, निळ्या रेघेपाशी.
आधी हाताने खरवडावं लागतं, गुडघ्यांवर बसून.
हे मला ओव्हिलाच्या वेळी कळलं.

ओव्हिला शार्बोनो मधून येत होता,
पास मागे पडलेला, म्हणून नजर पायांशी,
आणि रेइनो लाहतेलाने त्याला
खांदा दिला.
बाहेर पार्किंगमध्ये कुणी ट्रकचं दार आपटलं
असंच वाटलं मला.
मग अख्खं लाँग पाइन उभं राहिलं, टाळ्या वाजवत.
मीही. हातातली खरवडणी कठड्यावर बडवत.

शिट्टी वाजली नाही.
चर्चमध्ये मान खाली घातली तर भला माणूस,
रिंकवर घातली तर ज्याचं त्याने बघावं,
असा नियम होता, आणि तो कुणी लिहिलेला नव्हता.

ती टेप लीजन हॉलमध्ये किती वेळा लावली.
मागे नेऊन, पुढे नेऊन, बिअरच्या पैजा लावून.
ओव्हिला आमच्यातच बसायचा.
"अरे, माझं हेल्मेट बघा कुठे गेलं!"
एका संध्याकाळी हे तो चार वेळा म्हणाला.
चारही वेळा आम्ही हसलो.

आता रेइनोच्या नातवाला पाच सामने बाहेर बसवलंय.
एमेट, वय सोळा, स्वभावाने गरीब गाय.
त्याची धडक बसलेला कोल्टन
उजेड सोसत नाही म्हणून तळघरात पडून आहे,
खिडकीला ब्लँकेट ठोकून.

बाहेर उणे एकतीस. डोनटच्या दुकानात तेच टेबल.
ग्लेन म्हणतो, समितीने व्हिडिओ इतका सावकाश लावला
की मुंगीसुद्धा खुनी दिसेल.
मेव्हिस म्हणते (चाळीस वर्षं स्कोअर लिहिला तिने),
तुम्ही इतक्या वेगात बघता
की खून झाला तरी गोल दिसेल.
मग पोरांना बॅले शिकवा, ग्लेन म्हणतो.
हेतू न बघता शिक्षा, हा कुठला न्याय?
डोक्याला हेतू कळत नाही, मेव्हिस म्हणते,
आणि डोनटचे दोन तुकडे करते, एकही खात नाही.

मी बोलत नाही. मी रेइनोचा हात बघतो.
शेजारी ओव्हिला, साखरेची तिसरी पुडी फाडायला निघालेला,
आधीच्या दोन विसरून.
रेइनो समोर ग्लेनकडे बघत राहतो
आणि न बघता ती पुडी त्याच्या बोटांतून काढून
आपल्या कोटाच्या खिशात टाकतो.
हे रोजचं.
त्याची बायको कोट झटकताना काय म्हणत असेल कोण जाणे.

"तेव्हा ते नियमात होतं," रेइनो एकदम म्हणतो.
"रेफरीला विचारा."
कुणी काही म्हटलेलंच नव्हतं.
आणि रेफरीला पुरून नऊ वर्षं झाली.

ओव्हिला ढवळायचा थांबतो.
"कुणाची धडक?"
"नातवाची. माझ्या."
"चांगली होती?"

रेइनोने मान खाली घातली.
बुटाची लेस सुटली होती, असं नंतर म्हणाला.
बराच वेळ लागला त्याला ती बांधायला.
ओव्हिला वाट बघत राहिला, चमचा हातात धरून,
आणि मग काय विचारलं होतं ते विसरला.

सातला लहान पोरांचा सराव आहे.
मी उठलो. टाकीतलं पाणी तापायला वेळ लागतो.