सामायिक टाकी

या बेटावर नदी नाही.
शाळेत मुलांना नदी काढा म्हटलं
तर ती पन्हळ काढतात.

म्हणून कायदा आहे:
छपरावर पडेल तो पाऊस घरानं सांभाळायचा.
छप्पर पांढरं, पायऱ्यापायऱ्यांचं,
चुना खपलीला आला की पुन्हा लावायचा.
टाकी घराच्या पोटात,
सहा वर्षांत एकदा तरी उपसून, घासून.
झाकणाला फट नको. डास नकोत.

भाऊबंदकीबद्दल त्यात कलम नाही.

सासरे गेले, आणि लॉरिमर नि क्विंटन ट्रॉट यांनी
बैठकीच्या खोलीतून भिंत घातली.
पियानो दोघांनाही मिळाला नाही,
तो हिरवळीवर राहिला, फुगला, एक दिवस कुणी उचलून नेला.
छप्पर आढ्यावर वाटून घेतलं:
उत्तरेचा उतार धाकट्याचा, दक्षिणेचा माझ्या नवऱ्याचा.
टाकी वाटता येईना.

अकरा वर्षं दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात
आणि पाणी एकच.
रात्री पलीकडचा पंप घुरघुरला
की आमच्या पलंगाखालचं काहीतरी कमी होतं.
लॉरिमर अंधारात म्हणतो, "दुसरी आंघोळ."
मी नळ करंगळीएवढा सोडून भांडी विसळते;
पलीकडे व्हर्डेलही तसंच करत असणार,
मी वाचवलेलं वाचवत.

आरोग्य खात्याच्या फर्बर्टबाई येऊन गेल्या.
"मालकाचं नाव?"
दोन दारांतून दोन नावं आली.
फॉर्मवर रेघ एकच.
बाईंनी उत्तरेच्या उतारावरचं काळं शेवाळ दाखवलं:
"हे तुम्हीही पिता, मिस्टर ट्रॉट."
लॉरिमर म्हणाला, "आम्ही आमच्या बाजूचं पितो."
त्या हसल्या नाहीत. लिहीत राहिल्या.

मग एप्रिल कोरडा गेला. मेही.
दर रविवारी लॉरिमर झाकण उघडून
वडिलांची खाचा पाडलेली काठी आत सोडायचा.
चार खाचा. तीन.
दीड.
टँकर बोलवायचा तर अर्धा पलीकडे जाणार,
म्हणून बोलावला नाही.
मी घामेजलेले कपडे तसेच घडी करून ठेवले.

पुढच्या रविवारी आम्ही चर्चहून आलो,
त्यानं काठी सोडली, वर काढली.
सात खाचा ओल्या.
आभाळात ढग नव्हता.
गवतात चाकांचे दोन पट्टे होते,
पियानोच्या जागेवरून थेट झाकणापर्यंत.
तो काठी धरून उभा राहिला, ती वाळेपर्यंत.
मी जेवण वाढलं. तो जेवला. विषय निघाला नाही.

जूनमध्ये चुना कालवून तो वर चढला.
आढ्यावर बसून आधी एक सिगारेट ओढली.
मी खालून पाहत होते:
ब्रश आढं ओलांडून पलीकडे गेला,
हात पोचला तेवढाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत
हातभर पांढरी पट्टी.

खाली उतरून म्हणाला, "चुना उरला होता."

आमच्या वळचणीच्या दोन पायऱ्या
अजून राखाडी आहेत.