पोटात पाय

मॉटचा वरचा ओठ दुमडून धरला,
आतल्या ओल्या गुलाबी कातडीवर
एक बारीक चीर दिली
आणि घड्याळ सुरू केलं.

दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदाची कड लावायची,
जखमेला नाही, नुसत्या थेंबाला.
चार मिनिटांच्या आत थांबायला हवं.
लाल ठिपके कागदभर उमटत गेले,
सातवा, आठवा, चौदावा,
आणि मॉट छताकडे बघत बसला
जणू हे दुसऱ्याच कुणा कुत्र्याचं चाललंय.

"विष घातलंय," हेविन प्रॉसर म्हणाला.
तिसऱ्यांदा म्हणाला.
"उंदराचं. शेजारच्या इद्वालनं.
त्याच्या शेडमध्ये निळ्या गोळ्यांचा डबा आहे,
या डोळ्यांनी पाहिलाय."
पोटावरचा जांभळा डाग आज तळहाताएवढा.
रविवारी नाण्याएवढा होता.

विष असतं तर सोपं होतं.
'के' जीवनसत्त्वाच्या सुया टोचल्या,
तीन दिवस वाट पाहिली,
डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात रक्त उतरलं.
स्वॉन्सीहून आकडे आले:
गोठायला लागतो तेवढाच वेळ लागतोय,
प्लेटलेट पुरेशा,
गोचिडाच्या तापाचा मागमूस नाही.
जन्मजात खोट म्हणावी, तर नऊ वर्षं ती कुठं दडली होती?
हा काटेरी तारेखालून गेलेला कुत्रा,
एकदा सशामागे फुटक्या खिडकीतूनही.
तेव्हा शेंबड्या पोरासारखा दोन दिवसांत बरा झाला होता.

छापील कागदावर सगळं ठीक होतं.
टिपकागदावर नव्हतं.

गुरुवारी दवाखाना बंद करताना इद्वाल आला.
पाव आणायला गेला तिथं त्याला कळलं होतं
गाव काय बोलतंय ते.
टेबलावर त्यानं डबा ठेवला, निळ्या गोळ्यांचा.
"वाच," म्हणाला.
वाचलं. उंदरांसाठी नव्हत्या,
गोगलगायींसाठी होत्या, शंख नसलेल्या, काळ्या.
"यंदा माझा एक कोबी धड नाही.
हेविनकडे तर परसात पाय ठेवायला जागा नाही,
कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यातसुद्धा पोहतात."
दारापर्यंत गेला, वळला.
"आणि त्याच्या खोकल्याचं काय करताय?
भिंत एकच आहे आमची.
रोज पहाटे तीनला ऐकतो."

खोकला?
हेविननं सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं,
रक्ताकडे बघत होते ना मी.

चमचाभर विष्ठा मलमलीत बांधली,
कोमट पाण्याच्या नरसाळ्यात रात्रभर टांगून ठेवली.
यात आपण काहीच करायचं नसतं.
जे जिवंत आहे
ते आपल्या पायांनी खाली उतरतं,
पाय नसले तरी.

सकाळी एक थेंब काचेवर.
आणि तो होता:
वळवळणारा, केसाहून बारीक,
शेपटीच्या टोकाला आकडा.
याचे आईबाप मॉटच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत
संसार थाटून बसलेले,
कुठल्यातरी गोगलगायीच्या पोटातून आलेले.
रक्त का थांबत नाही याचं अख्खं उत्तर
अजून कुणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही.
पण जंताचं औषध आहे.

तीन आठवड्यांनी पुन्हा ओठ दुमडला.
चीर, घड्याळ, कागद.
पाच ठिपके. सहावा उमटलाच नाही.
मॉटनं माझी बाही चाटली.

हेविनला मी सगळं सांगितलं होतं, डब्यासकट.
तो पट्ट्याच्या बकलाशी खेळत राहिला,
चाळीस वर्षं कोळसा उपसलेली बोटं,
बकल काही लागेना.
"भिंतीतून ऐकू येतं म्हणाला?"
"हो."
"पहाटे तीनला?"
"हो."

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग तोंडावर मूठ धरून खोकला,
आणि म्हणाला,
"म्हणजे माझाही येत असणार."