शेऱ्याचा रकाना

लिहायला मला बसवले, अक्षर बरे म्हणून.
बसवले कसले, चालतेच आहे
गुडघ्यावर पट्टा, गळ्यात उसनी दुर्बीण,
हातात पुठ्ठ्याला चिमटा लावून तक्ता:
नाव, संख्या, वेळ, शेरा.

करमळीच्या तळ्यावर सकाळचे सहा पन्नास.
शिगमो उलटून चार दिवस झाले
तरी आन्सेल्मच्या कानामागे गुलाल आहे,
शेजाऱ्यांनी लावलेला, निघतच नाही म्हणतो.
टेकडीवरून काजूच्या बोंडांचा वास उतरतो,
आंबट, किंचित बिघडलेला,
आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते.

"ओगी रावात," आन्सेल्म म्हणतो.
आम्ही सहाजण ओगी राहतो.
तळे राहत नाही.

कमळपक्षी पानांवरून जातो
ओल्या लादीवरून जावे तसा, बोटे फाकवून.
शेपूट आता कुठे फुटते आहे,
पावसापर्यंत विळ्यासारखी वाकेल.
लिहिते: अकरा.
जांभळी पाणकोंबडी एका पायावर उभी,
दुसऱ्या पायात देठ धरून सोलते,
ऊस मिळालेल्या पोरासारखी.
तेवीस. नाही, चोवीस,
एक गवतामागून निघाली
उशिरा सही करायला आलेल्या शिपायाच्या चालीने.

आता सांगायला हरकत नाही.
तेहतीस वर्षे मामलेदार कचेरीत होते.
उतारे लिहिले.
हे तळे माझ्या हाताखालून गेले आहे कितीदा तरी,
सर्व्हे नंबरासकट, पोटविभागासकट.
पिकाच्या रकान्यात मी लिहायचे, काही नाही.
जमिनीचा प्रकार, पडीक.
शाईचा डाग पडू न देता,
ओळीला ओळ लावून,
पडीक.

मुग्धबलाक चिखलात मान घालतो.
चोच पुरती मिटत नाही त्याची, मधे फट,
गोगलगाय नेमकी तिथे बसते.
उजाडल्यापासून हा एवढा तुकडा
त्याने दोनदा उलथला.
कसेल त्याची जमीन, असे आम्ही म्हणत होतो.
कूळ म्हणून याचे नाव लागायला हवे होते.
अर्ज केला नाही. मुदत गेली.

सात चाळीसची गाडी रुळांवरून जाते
आणि अर्धे तळे हवेत उचलले जाते.
तलवार बदके एक फेरा घेतात, दुसरा घेतात,
पाण्याकडे बघतात, उतरत नाहीत.
"नाताळात आठशे होती."
"आणि आता?"
"मोज गो बाय."
एकोणीस.
इथे वसंत येतो तो सामान बांधत.
त्यांना उत्तरेचे कुणी कळवले कोण जाणे,
आमच्याकडे तर आवक-जावकची वही असायची.

आन्सेल्म बांधावरच्या एका दगडाला हात लावतो.
"ह्याच्या आड मी आणि तियूची बंदूक.
दहा वर्षांचा होतो. एका सकाळी चौदा.
मोजायला तेव्हाच शिकलो."
कुणी काही बोलत नाही.
मी त्याच्याकडे बघत नाही, तो माझ्या तक्त्याकडे.
धोबी पक्षी आमच्या मधून
शेपूट हलवत चालत जातो,
तोही लिहायचा राहतो.

मानशीच्या पायरीवर काहीतरी ओले, काळपट,
त्यात माशांचे खवले चमकतात.
"पाणमांजर. रात्री येऊन गेले."
श्रेयल गुडघ्यांवर बसते, पाण्याकडे टक लावून,
दहा मिनिटे, पंधरा.
एक बुडबुडा. तो बेडकाचा निघतो.
खंड्या तेवढ्यात दोन मासे नेतो.

"न दिसलेले धरायचे का?" श्रेयल विचारते.
आन्सेल्म खांदे उडवतो, त्याला आता चहा हवा आहे,
स्टेशनाबाहेर पाव-भाजी मिळते, ती संपेल.
कचेरीत असते तर म्हटले असते, पुरावा आणा,
पंच आणा दोन.
एक खवला माझ्या बोटाला चिकटला आहे,
झटकला तरी सुटत नाही.

नाव: पाणमांजर.
संख्या, रिकामी ठेवते.
वेळ: रात्र.
शेरा: प्रत्यक्ष कब्जा.

बोटाचे पाणी लागून अक्षर थोडे पसरते.
पसरू दिले.