खण क्रमांक सतरा

सापालाच्या वाऱ्यात दार लागत नाही.
दाराला आतून दगड टेकवून मी कामाला बसते.
आधी आकार:
तिरपा त्रिकोण, लांबुळका, कोरीसारखा वाकलेला.
मग नक्षी.
उभे कंगोरे अकराव्या खणापर्यंत,
आडव्या वळ्या बारा ते सोळात,
गाठी गाठी उठलेले सतरात.
टूथब्रशच्या केसांत
तेरा कोटी वर्षांपूर्वीचा चिखल.

इथे समुद्र होता यावर
शाळेतली पोरं विश्वास ठेवतात,
त्यांचे बाप नाही.

गुरुवारी दोन फ्रोइलान किलापी आले.
डोंगरातल्या कुरणांवरून शेळ्या खाली आणल्या होत्या,
खोगिराच्या पिशवीत शिंपले.
दोन्ही डोळ्यांवर साय धरलेली.
नातू बाहेर घोड्यापाशी.

टेबलावर ओतले, आणि माझ्याआधीच निवडायला लागले,
अंगठ्याने,
जसा अंधारात शेळीचा कान चाचपतात:
एक खाच म्हणजे आपली,
दोन खाचा नि शेंडा छाटलेला, मेहुण्याची,
अख्खा कान असला तर मोकळी.
देवाची, नाहीतर प्यूमाची.

हा कंगवा.
ही नांगरट.
ही मुठीची पेरं.
मी वहीत त्यांची नावं माझ्या नावांसमोर लिहीत होते,
जुळत होती, मला गंमत वाटत होती.

मग म्हणाले, तुझे खण उघड.
बारातला एक चिमुकला उचलला,
सतरातला एक तळहाताएवढा.
"हे दोन घरांत कशाला?"
"त्याला वळ्या आहेत. याला गाठी."
माझं बोट धरून त्यांनी मोठ्याच्या चोचीवर ठेवलं.
"इथून सुरू कर. जन्मापासून."

चोचीपाशी, नखाएवढ्या जागेत,
वळ्या.
बारीक, अखंड. मोजल्या, सात.
आठवी मध्येच अडखळलेली,
नववी तुटलेली,
आणि तिथून पुढे प्रत्येक तुकड्याची गाठ.

"करडू," छोटा पुढे सरकवत म्हणाले.
"आणि ही शेळी."

नऊ वर्षं मी त्या दोघांना दोन नावं लिहीत आले,
एकाच शाईने, तारखेसकट.
भिंग होतं माझ्याकडे.
मोठ्याची चोच कधी पाहिली नव्हती,
कारण गाठी दिसल्या की खण ठरायचा.

काही बोलले नाही. पिशवी झटकून दिली.
त्यांना घाई होती, नातवाला भूक लागली होती.
जाताना पाय दगडाला लागला.
वाकून त्यांनी तो उचलला, फिरवला,
सगळीकडून गुळगुळीत:
शिंपला कधीच विरघळून गेलेला,
आत शिरलेला चिखल तेवढा त्याच्या पोकळीएवढा उरलेला.
"हा कुणाचा?"
"कळत नाही. नक्षीच राहिली नाही."
"म्हणजे मोकळा," म्हणाले,
आणि जिथे होता तिथे ठेवून
दार ओढून घेतलं.

बारावा खण मी रिकामा केला.
तेरावा अजून उघडलेला नाही.