उतार

दहाच्या ठोक्याला मी चौकात उभा असतो,
पिवळी छत्री मिटून उंच धरलेली.
पाऊस नसतो. छत्री ही फक्त खूण.
वाल्पारायसोची जुनी बंदरवस्ती, दोन तासांची फेरी,
पैसे शेवटी, मनाला येतील तेवढे.

त्या दिवशी अकरा जण होते.
चार जर्मन, ब्राझीलचं नवं जोडपं,
सान्तियागोच्या तीन शिक्षिका,
कॅमेऱ्यामागे लपलेला एक पोरगा,
आणि एक बाई, ऐंशीच्या घरातली.
हातात जाळीची पिशवी: लिंबं, पात,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा.
बाजार करून निघालेलं माणूस फेरीत कशाला येईल?
विचारलं नाही मी.
अकरावं डोकं म्हणजे अकरावी नोट.

माझ्याकडे तेवीस गोष्टी आहेत, सगळ्या पाठ.
आवाज कुठं खाली आणायचा तेही ठरलेलं.
"ही पत्र्याची घरं बघा. हा पत्रा
जहाजांच्या तळाशी वजन म्हणून यायचा,
रंगसुद्धा जहाजांचेच, उरलेसुरले."
जर्मनांनी माना वर केल्या.
मागून, शेंगा सोलता सोलता बोलावं तसा आवाज:
"आमचा पत्रा हप्त्यानं घेतला होता.
दोन वर्षं फेडत होतो."

सगळे हसले. मीही हसलो. हसावं लागतं.

जिन्यापाशी मी त्या नर्तकीची गोष्ट काढली,
जी बुडालेल्या खलाशाची जन्मभर वाट बघत राहिली.
"एलेउतेरिया?" बाई म्हणाली.
"ती कसली वाट बघते!
इस्त्रीचं दुकान होतं तिचं. दोन गाळे."

मग कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान.
इथं माझी गोष्ट नाही. इथं पंधरा मिनिटं सुट्टी,
आत टॉयलेट, आणि मालक मला एक कप फुकट देतो.
काळ्यापांढऱ्या नव्या फरश्या,
छताला टांगलेल्या वेली.
बाई मधोमध उभी राहिली.
पिशवीतून एक लिंबू काढलं,
वाकली (वाकायला वेळ लागला),
आणि फरशीवर ठेवून दिलं.

लिंबू क्षणभर जागच्या जागी.
मग निघालं.
टेबलाखालून, एका जर्मन बुटाला वळसा घालून,
फ्रिजमागच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.

"पंच्याऐंशीच्या भूकंपात वखार अशी बसली," ती म्हणाली.
"दोरखंडाची वखार. आम्ही सहा जणी वजनावर.
तराजूच्या एका पायाखाली कायमची चकती.
पडेल ते त्या कोपऱ्यात. बटणं, पेन्सिली, पगारातली चिल्लर.
शनिवारी झाडायची पाळी माझी,
नि सापडेल ते माझं."

तिनं फ्रिजमागे हात घातला.
लिंबू निघालं, आणि त्याच्यासोबत
एक चिमुकला चमचा.
"अरे, हाच सोमवारपासून शोधतोय," काउंटरवरचा पोरगा ओरडला.

पुढं यायला ती तयार नव्हती.
मासा खराब होईल म्हणाली.
नाव विचारलं तेव्हा म्हणाली, एदुविहिस,
आणि पैसे न देता गेली.
का द्यावेत?

दुसऱ्या दिवशी त्याच दारात
मी छत्री वर केली, तोंड उघडलं.
चोविसावी गोष्ट अगदी जिभेवर होती.
चांगली होती. नोटा वाढल्या असत्या.
पण उभ्या उभ्या पायांना कळलं,
नऊ वर्षं मी रोज याच फरशीवर
कप धरून उभा राहतोय,
आणि दुखतो तो नेहमी डावाच गुडघा.

"पंधरा मिनिटं," मी म्हणालो.
"टॉयलेट आत, उजवीकडे.
जरा सांभाळून चाला."